साम्य आढळल्यास

कादंबरी उघडली की किंमत, मुद्रकाचा पत्ता आणि मुखपृष्ठकाराचं नाव यांच्या शेजारी बारीक टायपात एक वाक्य दडलेलं असतं. यातली सर्व पात्रं आणि प्रसंग काल्पनिक आहेत, कोणाशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा. मराठी वाचकाला हे आमंत्रण वाटतं. ज्या पुस्तकात हे वाक्य नसतं ते तो निमूट वाचून कपाटात ठेवतो. ज्यात असतं त्यात ओळखीचं कोणीतरी सापडणार याची त्याला खात्री पटते, आणि पहिल्या पानापासून तो पाळतीवर बसतो.

हे वाक्य एवढं फोफावलं त्याला एक खटला कारण आहे. १९३२ साली हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने रासपुतिनवर सिनेमा काढला. रासपुतिनला मारणाऱ्यांचा म्होरक्या प्रिन्स युसुपोव्ह तेव्हा हयात होता. आपण हा खून कसा केला याचं पुस्तकही लिहून मोकळा झाला होता, त्यामुळे पडद्यावर खुनी दाखवल्याचं त्याला दुःख असायचं कारण नव्हतं. कोर्टात गेली ती त्याची बायको. सिनेमातली एक राजकन्या रासपुतिनच्या तावडीत सापडते, ती मीच असं लोक धरून चालतात, आणि मी तसली नव्हे, असं तिचं म्हणणं. त्यात कंपनीने सिनेमाच्या सुरुवातीलाच फुशारकी मारली होती की, यातली काही माणसं अजून जिवंत आहेत. जिवंत माणसं वकील लावतात, हे कंपनीच्या ध्यानात आलं नसावं. लंडनच्या कोर्टाने १९३४ साली बाईंना २५,००० पौंड देवविले आणि तेव्हापासून सिनेमावाले नेमकं उलटं लिहायला लागले.

या खटल्यात मला सगळ्यात आवडतं ते हे, की नवऱ्याला खुनी म्हटलेलं त्या घरात चालत होतं. तपशील चुकलेला चालला नाही.

आमच्या इमारतीत हा नियम तंतोतंत लागू पडतो. एका दिवाळी अंकात मी एका चिक्कू गृहस्थाची कथा लिहिली होती. आमच्याच वरच्या मजल्यावरच्या एकांनी मला लिफ्टमध्ये गाठलं. आता हे भांडणार, म्हणून मी सातव्या मजल्याचं बटण सोडून तिसऱ्याचं दाबलं. ते म्हणाले, "चिक्कू लिहिलंत, काही हरकत नाही. माणसानं पैसा धरून राहावंच. पण वापरलेली चहापावडर वाळवून परत वापरतात, हे कुठून काढलंत? आमच्याकडे ती गुलाबाला घालतात." मी त्यांना सांगायला हवं होतं की कथा त्यांच्यावर नव्हती आणि ती चहापावडर मी माझ्याच आजोळाहून उचलली होती. पण मी गप्प राहिलो, कारण गुलाब ऐकून मला माझ्या कथेतला माणूस एकदम फिका वाटायला लागला होता. उकळलेली पावडर पुन्हा उकळणारा हा नुसता चिक्कू. तीच पावडर गुलाबाला घालून, त्या गुलाबांकडे सोसायटीचं लक्ष वेधून घेऊन, फूल मात्र कोणाला तोडू न देणारा हा माणूस.

मूळ माणूस कोण, या शोधापायी मराठी वाचकांनी फार श्रम घेतले आहेत. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झालं तेव्हा तर पात्रांच्याही आधी लेखिकाच शोधायची वेळ आली होती, कारण विभावरी शिरूरकर हे टोपणनाव होतं. असं लिहिणारी बाई आहे की बाईच्या नावाने लिहिणारा कोणी बुवा, यावर लोकांनी डोकं खपवलं. आत ज्या मुलींची घुसमट मांडली होती त्या घरोघर होत्या, त्यांना शोधायला मात्र कोणी निघालं नाही. पुढे पु. लं.चं 'व्यक्ती आणि वल्ली' १९६२ साली पुस्तकरूपात आलं आणि त्यातला अंतू बर्वा रत्नागिरीतल्या नक्की कुठल्या आळीतला याची चौकशी सुरू झाली. पु. लं.ची सासुरवाडी रत्नागिरीची, म्हणजे पुरावाही हाताशी होता. आता, अंतू बर्वा जर खरोखरच एखाद्या आळीतला एकच एक म्हातारा असता तर त्या आळीपलीकडे त्याला कोण ओळखणार होतं? नगर जिल्ह्यातला वाचक, ज्याने समुद्र एकदाच सहलीत पाहिला आणि तिथेही चप्पल हरवली, तोही शपथेवर सांगतो की हा माणूस आमच्या वाड्यात राहत होता.

मूळ माणूस सापडला तर काय होतं, हे डिकन्सच्या बाबतीत कळलेलं आहे. 'डेव्हिड कॉपरफील्ड' हप्त्याहप्त्याने निघत होती. त्यात मिस माउचर नावाची एक ठेंगणी, बडबडी, लोकांच्या भानगडी पोटात ठेवून हिंडणारी बाई आली. डिकन्सच्या शेजारात पायाची नखं-कुरुपं काढण्याचा व्यवसाय करणारी एक ठेंगणी बाई राहत होती. तिने स्वतःला ओळखलं, तिला अतिशय लागलं, आणि तिने तसं लेखकाला कळवलं. डिकन्स हळहळला आणि पुढच्या हप्त्यांत त्याने मिस माउचरला सज्जन करून टाकलं. माणूस म्हणून त्याने योग्यच केलं. पण मिस माउचर सज्जन झाली त्या क्षणी कादंबरीतून उठून गेली. नंतर त्या नावाची कोणीतरी बाई ये-जा करत राहते एवढंच.

लेखन शिकवणाऱ्यांना हे माहीत नसतं असं नाही, पण त्यांच्याकडे फॉर्म असतो. हल्ली कथालेखनाच्या कार्यशाळेत पहिल्याच सत्रात एक छापील कागद मिळतो. पात्राचं पूर्ण नाव, वय, उंची, आवडता रंग, आवडता पदार्थ, बालपणीचा आघात. शेवटच्या रकान्यात सगळे भराभर लिहितात. एका कार्यशाळेत तर वर्गातल्या बहुतेक पात्रांच्या आया लहानपणीच वारल्या होत्या. आवडत्या रंगापाशी मात्र मंडळी अडतात, कारण आपल्याला सख्ख्या भावाचाही आवडता रंग ठाऊक नसतो. त्याला भेंडी बुळबुळीत लागलेली चालत नाही आणि वीस वर्षांपूर्वी त्याची सायकल आपण पंक्चर केली होती हे तो विसरलेला नाही, एवढंच ठाऊक असतं. भाऊ खरा वाटायला तेवढं पुरतं.

हा उद्योग आजचाही नव्हे. ना. सी. फडक्यांनी कथा-कादंबरी कशी रचावी हे सांगणारं 'प्रतिभासाधन' १९३१ सालीच लिहून ठेवलं आहे. पुस्तक शिस्तीचं आहे, कारागिरीची इतकी उघड चर्चा तोवर आपल्याकडे फारशी कोणी केली नव्हती. पण फडक्यांच्या नायकांपैकी दोघांची नावं सांगा म्हटलं तर माझी पंचाईत होते. कपडे आठवतात. इस्त्री आठवते. नायक मात्र सगळे एकाच शिंप्याकडून आल्यासारखे एकमेकांत मिसळून जातात.

उलट चिं. वि. जोश्यांनी काय केलं ते पाहा. नायकाचं नाव चिमण, बायको काऊ, मुलं मोरू, मैना, राघू. घर आहे की पिंजरा! आजच्या कुठल्याही कार्यशाळेत हा कागद लाल शाईने रंगून परत आला असता. अशी नावं एका कुटुंबात असतील यावर कोण विश्वास ठेवणार? तर अख्ख्या महाराष्ट्राने ठेवला. बडोद्याला बसून पाली आणि बौद्ध ग्रंथांचा अभ्यास करणाऱ्या या पंडिताने कारकून चिमणरावांना असं काही उभं केलं, की त्यांची फजिती झाली की वाचकाला स्वतःच्या खिशात हात घालून आपलं पाकीट जागेवर आहे ना हे बघावंसं वाटायचं. पुढे दूरदर्शनवर मालिका आली आणि दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले. कर्व्यांनी नंतर कितीतरी भूमिका केल्या, पण लोकांच्या लेखी ते गुंड्याभाऊच राहिले. पडद्यावरच्या खलनायकांपायी निळू फुल्यांच्या वाट्याला याची कडू बाजू आली. सेवादलात वाढलेला हा सरळ, वाचनवेडा माणूस. पण गावात आला की बायका पदर सावरून आडोशाला जात, असं सांगतात. अभिनयाला याहून मोठी पावती नाही, आणि ज्याला मिळते त्या माणसाला याहून अवघड पावतीही नाही.

पात्राची माहिती पुरी असावी, निदान अचूक असावी, हाही असाच एक गोड गैरसमज. डॉ. वॉटसनला अफगाणिस्तानात गोळी लागली ती पहिल्या कादंबरीत खांद्याला, दुसरीत पायाला. त्याचं नाव जॉन, पण एका कथेत त्याची सख्खी बायको त्याला जेम्स म्हणते. कॉनन डॉयल या गोष्टी तपासत बसत नसे. याने होम्स-वॉटसन खोटे पडले का? छे. वाचकांनी गोळ्या दोन होत्या की एक यावर निबंध लिहिले, आणि बायको जेम्स का म्हणाली याची मधल्या नावापर्यंत जाऊन फोड केली. ज्याच्यावर विश्वास बसला त्याच्या चुकांची जबाबदारी वाचक स्वतःकडे घेतो, जशी आपण घरच्या म्हाताऱ्यांच्या गप्पांची घेतो. अगाथा ख्रिस्तीचा पॉयरो वारला तेव्हा, ऑगस्ट १९७५मध्ये, 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर त्याच्या निधनाची बातमी दिली. जन्मालाच न आलेल्या माणसाला मृत्युलेख मिळाला. आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. काडी पैलवान, फुरसुंगीचा, सायकल, आणि तोंडात ते 'टॉक्'. एवढ्या सामानावर तो पिढ्यान् पिढ्या टिकला. फुरसुंगी हे खरंखुरं गाव पुण्याच्या उशाशी आहे, ही गोष्ट मात्र भागवतांनी मोठ्या चलाखीने वापरली. सगळं खोटं बोलायचं असेल तेव्हा गावाचं नाव खरं द्यावं.

गावावरून आडनावाकडे येतो, कारण मराठी लेखकाची खरी कसोटी तिथे लागते. इंग्रजी लेखकाने 'स्मिथ' लिहिलं की तो मोकळा. आपल्याकडे आडनाव लिहिलं की तालुका, जात, घरात भाकरी ज्वारीची की तांदळाची आणि बायको मंगळसूत्र कसलं घालते इथपर्यंत सगळं वाचकाला कळलेलं असतं. उरलेली कथा तो केवळ खात्री करण्यासाठी वाचतो. त्यात खलनायक असेल तर विचारू नका. जे आडनाव द्यावं त्याचं मंडळ निघतं, मंडळाचं संमेलन असतं, संमेलनात निषेधाचा ठराव असतो. म्हणून चतुर लेखक नकाशात नसलेलं गाव शोधतो आणि त्याला 'कर' जोडतो. मला एक खलनायक असाच नऊ अक्षरी आडनावाचा करावा लागला होता. त्याने नायिकेला धमकी द्यायची आणि तिने त्याला पूर्ण नावानिशी ठणकावायचं, या प्रसंगात बाईंचा दम निम्म्या आडनावातच संपायचा. शेवटी तिने नुसतं "अहो" म्हणून ठणकावलं.

भाषेचं तर त्याहून अवघड. शहरातल्या लेखकाच्या कथेत कामाला येणारी बाई, रिक्षावाला आणि शेतकरी हे तिघे एकच बोली बोलतात. "म्या काय म्हनते", "व्हय जी", "न्हाई बा". ही बोली महाराष्ट्राच्या कुठल्याही जिल्ह्यात बोलली जात नाही, तिचं माहेर सिनेमाच्या स्टुडिओत आहे. वऱ्हाडातला माणूस 'मले-तुले' म्हणेल, मालवणातला 'माका-तुका', खानदेशात अहिराणी बोलणारा 'माले-तुले' म्हणेल आणि वर तुम्हाला कळलं नाही म्हणून हसेल. आणि कामाला येणारी बाई तर मालकिणीशी मालकिणीच्या वरताण शुद्ध बोलते. स्वतःच्या बोलीत ती फोनवर बोलते, जिन्यात, आपलं गाऱ्हाणं सांगताना. तो जिना लेखकाने कधी ऐकलेला नसतो. व्यंकटेश माडगूळकरांनी ऐकलेला होता. 'माणदेशी माणसं' १९४९ची, पण त्यातला झेल्या किंवा धर्मा रामोशी तोंड उघडतो तेव्हा माडगूळकर मध्ये उभे असल्याची जाणीवही होत नाही. ही माणसं खरीच होती, असं कोणी म्हणेल. असतील. खरी माणसं आपल्याही गावात होती, आपल्याच्याने का नाही जमलं?

तेव्हा पात्र जिवंत आहे की नुसतं बोलतंय हे ओळखायची माझी एक परीक्षा आहे. त्याला लग्नाला न्यावं आणि पंगतीत बसवावं. बुफे चालणार नाही, बुफेत माणूस लपतो. पंगतीत पान मांडलेलं, शेजारी अनोळखी माणूस, आणि समोरून आग्रह करत जिलबीवाला येतोय. आता तुमचं पात्र काय करतं?

अंतू बर्वा मठ्ठा तोंडाला लावून यजमानांना ऐकू जाईल अशा बेताने विहिरीला यंदा पाणी बरं असल्याचं म्हणेल. त्याच पुस्तकातले हरितात्या शेजारच्याला सांगतील की जिथे तुझा पाट आहे तिथेच महाराजांनी घोडा बांधला होता, आणि सांगतील असं की जणू आपणच लगाम धरला होता. नारायणाला बसवताच येणार नाही, तो आत बासुंदी आटली की नाही ते बघतोय; त्याचं जेवण शेवटी, उभ्याने. 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर येईल, पण हॉस्टेलची मेस चालवून त्याने हात पोळून घेतलेले आहेत, तेव्हा प्रत्येक वाढप्यामागे त्याला कर्ज दिसेल आणि ही सगळी माणसं का जेवतायत या विचारात त्याचा वरणभात गार होईल. बाबूराव अर्नाळकरांचा झुंझार मात्र अडचणीत येतो. बाबूरावांनी हजारावर पुस्तकं लिहिली, झुंझारने त्यांत कितीतरी खिडक्यांतून उड्या मारल्या, पण त्याला जिलबी आवडते का हे मला सांगता येणार नाही. जिलबीत विष आहे हे तो ओळखेल, एवढं नक्की. त्याचं काही बिघडत नाही म्हणा. रेल्वे फलाटावर दोन तासांसाठी भेटणाऱ्या माणसाकडून आपण तेवढीच अपेक्षा ठेवतो.

आणि हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'मधली यमू? तिला पंगतीत बसवायला गेलो आणि माझी परीक्षाच नापास झाली. पुरुषांच्या पंगती उठल्याशिवाय तिला पान कुठलं? ती माजघरात उष्टी काढत असेल, आणि तिच्या वाट्याला जिलबी येईतो पाक खाली बसलेला असेल. एका पुरुषाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या तोंडून, 'मी' म्हणून, हे सगळं लिहिलं. त्या बाबतीत माझ्यापाशी विनोद नाही.

आता एक माणूस प्रत्यक्ष करूनच बघू. समजा, एसटीतला निवृत्त कंडक्टर. नाव विठ्ठलराव. आडनाव मुद्दाम देत नाही, वर कारण सांगितलंच आहे. डेपो बार्शी.

पहिल्या खर्ड्यात विठ्ठलराव घरातही "पुढे सरका, पुढे सरका" म्हणतात. मुलाच्या लग्नात स्टेजवरच्या रांगेलाही म्हणतात. सूनबाईंना हाक मारायची तर भांड्यावर दोनदा टिंग टिंग करतात. स्नेहसंमेलनातल्या प्रहसनाला ठीक आहे, पोरं टाळ्या पिटतात. कथेत मात्र वाचक तिसऱ्या पानावर बेल मारून उतरून जातो.

दुसऱ्या खर्ड्यात मी विठ्ठलरावांना दुःख दिलं. ड्यूटीवर असताना आई गेली. शिवाय, वरून कडक असले तरी आतून मऊ. दर दिवाळी अंकात असा फणस एक तरी निघतो, आणि वाचकही आदराने मान लववून पान उलटतो.

मग मला पंचाहत्तरी आठवली. महाराष्ट्र सरकारने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत केला. विठ्ठलराव पंचाहत्तरीपलीकडचे. ज्या माणसाने उभ्या हयातीत विनातिकीट माणसाला माफी दिली नाही, तो आता सरकारी परवानगीने फुकट बसणार. गाडीत तरुण कंडक्टर येतो, आधार कार्ड बघतो, म्हणतो, "बसा आजोबा, तुम्हाला फुकट." आणि पुढे जातो. विठ्ठलराव त्याला परत बोलावतात.

"तिकीट द्या."

"आजोबा, शून्य रुपयाचं आहे."

"आहे ना? मग द्या."

गाडी खच्चून भरलेली, मशीन कुरकुरतंय, मागून कोणी तरी कॉलेजचं पोरगं हसतंय. विठ्ठलराव हात पुढे धरून बसलेले. तिकीट मिळतं. ते त्यावरची तारीख वाचतात, टप्पा बरोबर आहे का बघतात, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवतात. उतरल्यावर फेकत नाहीत. धुण्याच्या दिवशी त्यांच्या बायकोला खिशात शून्य रुपयांच्या तिकिटांचा लगदा सापडतो आणि ती रोजच्यासारखी करवादते.

इथे मला पहिल्यांदा विठ्ठलराव दिसले. ते असं का करतात हे मला नीट सांगता येत नव्हतं, आणि तेच बरं होतं. सांगता आलं असतं तर मी लिहूनही टाकलं असतं.

अडचण पुढे आली. संपादकांना शेवट हृद्य हवा होता. तसा माझ्याकडे तयार होता : तो तरुण कंडक्टर पैसे घेऊन तिकीट देत नाही, हे विठ्ठलरावांच्या नजरेस येतं, पोराच्या घरी आजारपण असतं, विठ्ठलराव त्याला समजावतात, माफ करतात, पोरगं पायावर डोकं ठेवतं. मी हे लिहायला बसलो आणि विठ्ठलराव तयार होईनात. शून्याचं तिकीट मागून घेणारा माणूस तीस रुपयांचं तिकीट बुडलेलं कसं सोडेल? मी आजारपण वाढवून पाहिलं. पोराच्या आईला दवाखान्यात ठेवलं. काही उपयोग नाही. विठ्ठलरावांनी पुढच्या स्टँडवर उतरून, कंट्रोलरच्या खिडकीत कोरा कागद मागून, तारीख-वार-गाडी क्रमांकासह तक्रार लिहिली. अक्षर सुंदर.

पोरगं निलंबित झालं. आता कथा कुठे न्यायची हे मला कळेना, पण विठ्ठलरावांना कळत होतं. ते दोन दिवसांनी त्या पोराच्या घरी गेले. पोराच्या बापाने दार लावून घेतलं. विठ्ठलराव ओट्यावर बसून राहिले आणि बंद दाराला सांगत राहिले की निलंबनात निर्वाह भत्ता मिळतो, त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि आरोपपत्राला खुलासा मुदतीत गेला नाही तर पोराचं कायमचं नुकसान होईल. दार उघडल्यावर खुलाशाचा मसुदा त्यांनीच बसून लिहिला. तक्रारही यांची, खुलासाही यांचाच. खुलाशात त्यांनी मूळ तक्रारीतल्या दोन तांत्रिक त्रुटी दाखवून दिल्या होत्या.

संपादक म्हणाले, हा माणूस चांगला आहे की वाईट हे वाचकाला कळत नाही. मी म्हटलं, मलाही कळत नाही, पण आता त्यांना बदलायला सांगायची माझी छाती नाही. अंकाला मजकूर कमी पडत होता म्हणून कथा छापून आली.

दिवाळी झाल्यावर एक फोन आला. आवाज खणखणीत, मागे कुकरची शिट्टी. गृहस्थांनी स्वतःची ओळख एसटीतला निवृत्त कंडक्टर अशी करून दिली आणि सरळ विचारलं,

"विठ्ठलराव कुठल्या साली होते बार्शीला?"

मी चाचरत एक साल ठोकून दिलं.

"त्या सालात मी होतो की तिथं. असा माणूस बघण्यात नाही माझ्या." जरा थांबून त्यांनीच वाट काढली. "मुक्कामी गाडीवर असतील. मुक्कामीवाले कुणाला दिसत न्हाईत."

मी सांगायला गेलो की, काका, ही कथा आहे, असं कोणी...

"असू दे, असू दे. तक्रार केली ते बरोबरच केलं. फक्त तक्रारीत वेबिलाचा नंबर टाकायला पाहिजे होता, एवढा जुना माणूस, विसरला कसा? बरं, त्यांची गाठ पडली तर एक सांगा. नोव्हेंबर चाललाय. बँकेत जाऊन हयातीचा दाखला देऊन टाका म्हणावं, न्हाईतर पेन्शन थांबत्या. माझी मागच्या वर्षी थांबली होती. आणि मशीन अंगठा घेणार न्हाई. आपल्या लोकांचे अंगठे नाणी मोजून मोजून गुळगुळीत झालेत. घेतला न्हाई तर घाबरायचं न्हाई म्हणावं, शेजारचं बोट लावून बघा."

मी म्हटलं, सांगतो. आणि वेबिल म्हणजे काय, हे त्यांना हळूच विचारून घेतलं.